टेकडीमागे उतरलं

विमान पडलं तेव्हा विशाखा सात वर्षांची होती. आता तिच्या कानशिलांजवळचे केस पांढरे होऊ लागले होते आणि विमान अजून जमिनीला लागलेलं नव्हतं.

ते बगाडे टेलर्स या दुकानाच्या बरोबर वर, म्हणजे त्यांच्या घरावरच, उलटं लटकून होतं. पोट आभाळाकडे, पाठ जमिनीकडे, नाक जरासं खाली. पहिल्या वर्षी ते इतकं उंच होतं की परगावच्या पाहुण्यांना ती घार वाटायची. मग ते खाली येत गेलं, म्हाताऱ्या माणसाचे खांदे उतरत जातात तसं, रोज बघणाऱ्याला न कळता. गावाने त्याची सवय करून घेतली होती. संक्रांतीला त्या गल्लीत पतंग उडवत नसत. कुरडया वाळत घालताना बायका आधी त्याची सावली कुठवर येते ते बघून चादर सरकवून घेत. आणि वर कुणी बघत नसे. तसा काही नियम नव्हता. जेवणाऱ्याच्या ताटात बघू नये, तेवढीच ती गोष्ट होती.

विशाखाचे बाबा, दिगंबर बगाडे मास्तर, गेले त्याच्या आदल्या दिवशी सगळं नेहमीसारखंच झालं. सकाळी त्यांनी दुकानाचं शटर वर केलं, मशीनला तेल घातलं, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अंगुस्तान चढवलं. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती पितळी टोपी. त्यांचं अंगुस्तान इतकं जुनं होतं की त्यावरचे खळगे झिजून ते अंगठीसारखं गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनी शेवटच्या खुंटीवरची निळसर राखाडी पँट उतरवली आणि तिची खालची दुमड उसवायला घेतली.

ही पँट रोज रात्रीत दोन बोटं लांब व्हायची. रोज सकाळी मास्तर ती मापात आणून, हातशिलाई घालून, इस्त्री करून परत खुंटीला लावायचे.

इंदूआत्या चहा घेऊन आली. ती मास्तरांची थोरली बहीण. विशाखाची आई लवकर गेली, तेव्हापासून आत्या या घरात होती आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिला काहीतरी म्हणायचं असे.

"इतकी वर्षं एकच पँट शिवतोयस, दिगू. एवढ्या वेळात सर्कशीचा तंबू झाला असता."

"तंबूला गिऱ्हाईक नाही माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "हिला आहे."

"आहे तर. बघतेय मी. दारात रांग लागलीय."

"माणूस न्यायला आला आणि म्हणाला, मास्तर, लांब होतेय, तर काय तोंड दाखवू?"

आत्याने विशाखाकडे बघितलं. विशाखा त्या दिवसांत नोकरीतून रजा काढून आली होती, कारण बाबांना जिना चढताना दम लागायचा. तिने काचेच्या बरणीतून बटणं निवडायला घेतली. पँटवरून बोलणं निघालं की ती नेहमी बटणं निवडायची.

संध्याकाळी शटर खाली ओढताना बाबांनी रोजचा प्रश्न विचारला. प्रश्न विचारताना ते शटरच्या कुलपाकडे बघत.

"टेकडीमागे उतरलं ना गं ते?"

"हो बाबा. टेकडीमागे."

"हं," ते म्हणाले, आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.

ती पँट इनामदारांची होती. गावाच्या पूर्वेला हवाई दलाचा तळ होता. तिथले वैमानिक कपडे नीट करून घ्यायला बगाडे मास्तरांकडे येत, त्यांतले सगळ्यांत उंच इनामदार. तयार कपडा त्यांना कधीच नीट बसायचा नाही. कुठे बाही तोकडी, कुठे कंबर ढगळ. आले की ते आधी विशाखाला उचलून कापड कापायच्या फळीवर बसवत आणि मग मास्तरांशी बोलत. सात वर्षांच्या मुलीला ते विशाखाबाई म्हणत.

हवाई कसरतींच्या आदल्या संध्याकाळी ते ही पँट टाकायला आले होते.

"विशाखाबाई, उद्या येणार ना मैदानावर?"

"बाबा दुकान बंद करत नाहीत."

"एक दिवस करतील. मास्तर, कराल ना? उद्या मी मधेच उलटा होईन. तेव्हा समजायचं, मी तुम्हाला शोधतोय. सरळ असताना खालचं काही दिसत नाही हो नीट."

"उलटे झालात तर पडाल," विशाखा म्हणाली.

"मी नाही पडत. खिशातलं पडतं." त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून लिमलेटच्या गोळ्या तिच्या फ्रॉकच्या ओच्यात रिकाम्या केल्या. "हे तुमच्याकडे ठेवा. नाहीतर उद्या गावावर गोळ्यांचा पाऊस पडायचा."

"परवा पँट तयार," मास्तर म्हणाले.

"परवा येतो," इनामदार म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खरोखरच दुकान बंद केलं. पण कामाचा माणूस, निघता निघता त्याच पँटची दुमड धरून बसले, आणि गर्दीचा आवाज ऐकू यायला लागल्यावर धडपडत उठले. सुई त्यांनी सदऱ्याच्या कॉलरला खोचली. अंगुस्तान बोटातच राहिलं.

मैदानावर भेळवाले होते, शेंगदाण्याच्या पुड्या होत्या, कुणी कुणी बायका सतरंज्या आणून बसल्या होत्या. बाबांनी विशाखाला खांद्यावर घेतलं. विमानं आली, गेली, परत आली. मग एक विमान एकटंच आलं आणि उलटं झालं. विशाखाने हात हलवला. विमान उलटंच राहिलं. ते फार खाली होतं. शेंगदाणे खाणारी माणसं चावायची थांबली. बाबांनी तिला झटक्यात खांद्यावरून खाली ओढलं, तिची पाठ आपल्या पोटाशी धरली आणि उजवा तळवा तिच्या डोळ्यांवर दाबला.

तळवा मोठा होता. पण मधल्या बोटात पितळी टोपी होती, त्यामुळे ते बोट शेजारच्या बोटाला चिकटलं नाही. मधे फट राहिली. त्या फटीतून विशाखाने सगळं पाहिलं. टेकडीच्या अलीकडे बाभळींची रांग होती, तिथे ते जमिनीत शिरलं. माती वर आली. मातीच्या आत केशरी रंग होता. आणि हे सगळं मुकं होतं, कारण आवाज अजून वाटेत होता.

"उतरलं," बाबा तिच्या कानाशी म्हणाले. "टेकडीमागे उतरलं ते."

आवाज पोचायच्या आधीच ते हे बोलले. त्यामुळे आवाज आला नाही.

त्यांनी हात काढला तेव्हा माती जागेवर होती, बाभळी हिरव्या होत्या, आणि विमान अख्खंच्या अख्खं त्यांच्या वर उलटं लटकलेलं होतं. लोकांनी सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या. घरी जाताना बाबांनी रस्त्यात तिला थांबवलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा चेहरा ओल्या खडूसारखा झाला होता.

"काही दिसलं नाही ना तुला?"

"नाही बाबा."

"खरंच?"

"तुमचा हात होता ना."

तेव्हा त्यांनी श्वास सोडला. इतका मोठा श्वास तिने कुणी सोडलेला पाहिला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यात रंग परत आला, ते उठले, आणि तिचा हात धरून चालू लागले. विमान गल्लीगल्लीतून त्यांच्या मागोमाग आलं आणि घरावर येऊन थांबलं.

पुढे आयुष्यभर मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, माझ्या हातून दोनच कामं बिनचूक झाली. एक म्हणजे कलेक्टरसाहेबांचा बंद गळ्याचा कोट. दुसरं कोणतं ते सांगत नसत. नुसते विशाखाकडे बघून हसत. आणि विशाखा बटणं निवडत राही.

मास्तर गेले ते मशीनवर बसल्या बसल्या. डोकं पुढे टेकलं होतं, सुईच्या खाली कापड तसंच होतं. मशीन मात्र दुपारपर्यंत चालत राहिलं. ते थांबवायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी आत्याने चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, "बास रे." मग ते थांबलं.

त्याच वेळी गच्चीवरून घासल्याचा आवाज आला. विमानाचं नाक पाण्याच्या टाकीला लागलं होतं.

बोटातलं अंगुस्तान निघेना. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. आत्या म्हणाली, "राहू दे, वर जाऊन काही शिवायला लागलंच तर." चौघांनी तिरडी उचलली, पण विमान आता गल्लीवर इतकं खाली आलं होतं की ती खांद्यावर घेता येईना. ते वाकून, कमरेइतक्या उंचीवरून नेत राहिले. वर कुणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना राखेत पितळेचं काहीतरी चकाकलं. अंगुस्तानाला काजळीसुद्धा लागली नव्हती. विशाखाने ते रुमालात बांधलं.

स्मशानातून निघताना तिने वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही चुकून. आभाळ नव्हतं. आभाळाच्या जागी बाबांचा तळवा होता. तर्जनीच्या टोकावर सुईचे टोचे होते, रेषांमधे निळा खडू भरलेला होता, बोटांच्या कडांमधून ऊन लाल होऊन येत होतं. मधल्या बोटाशेजारी फट होती, आणि फटीत विमानाची शेपटी.

"काय बघतेस?" आत्याने विचारलं.

"काही नाही."

"मग मान खाली घाल आणि चल. डोकं आपटेल."

त्यानंतर घर बसकं होत गेलं. रोज सकाळी छत आदल्या दिवशीपेक्षा खाली असायचं. भिंतीवरचं घड्याळ आधी डोळ्यांसमोर आलं, मग छातीशी, मग त्याला किल्ली द्यायला खाली बसावं लागू लागलं. आत्या मुळातच ठेंगणी, तिला पहिले काही दिवस फरक पडला नाही. नंतर तीही वाकून वावरू लागली आणि भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगू लागली, "बसूनच या." माणसं बसून येत, सरकत सरकत बाबांच्या फोटोपर्यंत जात, नमस्कार करत आणि सरकत बाहेर पडत. गल्लीतली उंच माणसं दुसरीकडे राहायला गेली. समोरचे वाणी घोंगडे जाताना म्हणाले, "मास्तर होते तोवर धरून होतं बघा. आता तू एकटी काय काय धरशील?"

पँट आता कुणी दुमडत नव्हतं. ती रोज लांब होत होती. खुंटीवरून फरशीवर आली होती, फरशीवरून मशीनच्या खाली, तिथून वळून जिन्याच्या पहिल्या पायरीवर. नवव्या दिवशी दुपारी विशाखा तिच्या मागोमाग जिना चढून गच्चीवर गेली. पँटचे पाय गच्चीच्या दारातून बाहेर गेले होते आणि विमानाच्या काचेखाली जाऊन संपले होते.

गच्चीवर बसावंच लागत होतं. काच तिच्या कपाळासमोर होती. समोर बघितलं की तळवा दिसत नव्हता, फक्त विमान दिसत होतं. आत इनामदार उलटे बसले होते. ते तेव्हा होते तेवढ्याच वयाचे होते, म्हणजे आता तिच्यापेक्षा खूपच लहान. त्यांचे केस खाली लोंबत होते. त्यांनी काच सरकवली.

"मास्तर कुठेत?"

"गेले."

"दुकान बंद करून?"

"हो."

"कमाल आहे. ते कधी बंद करत नाहीत." त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही विशाखाबाईंच्या कोण?"

"मीच विशाखा."

"अस्सं," ते म्हणाले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "गोळ्या खाल्ल्यात?"

"एक ठेवलीय."

"पँट झाली का?"

"लांब झालीय."

"चालेल. मला आता कशाचंच काही नाही. डोक्यात रक्त उतरून उतरून कंटाळलोय. उतरू का मी?"

विशाखाने सवयीने बटणं शोधली. गच्चीवर बटणं नव्हती.

"तुम्ही उतरलात," ती म्हणाली. "टेकडीमागे."

"असं कोण म्हणतं?"

"बाबा म्हणाले."

"ते झालं त्यांचं. तुम्ही काय म्हणता?"

गच्चीच्या कठड्यावर एक कावळा चालत आला आणि बसायला जागा नाही असं बघून परत गेला. इनामदार वाट बघत होते. ते रागावलेले नव्हते. ट्रायल द्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक जसं टाचण्या लावून होईपर्यंत थांबतं, तसे ते थांबले होते.

"मी सांगितलं तर ते खोटे पडतील," ती म्हणाली.

"मास्तर?"

"त्यांना वाटतं त्यांचा हात पुरला. ते काम तरी बिनचूक झालं असं त्यांना वाटतं. मला कळू नये म्हणून ते तुमच्याकरता कधी रडलेसुद्धा नाहीत."

"हं." इनामदारांनी विचार केला. "म्हणजे तेही लटकलेतच."

त्यांनी काच सरकवून घेतली. तिला आतून त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, पण ओठ हलले ते कळलं. ते म्हणाले होते, लवकर बघा काय ते.

दहाव्याचे विधी नदीच्या घाटावर होते. माणसं बसून आली. विमान त्यांच्यावरून, पाण्याला समांतर, घाटापर्यंत आलं आणि पिंड ठेवले होते त्या पायरीवर येऊन स्थिरावलं. त्याच्या आणि पायरीच्या मधे इतकीच जागा राहिली होती की गुरुजींना शेंडी आवरून बसावं लागलं. त्यांनी भाताचे पिंड मांडले. शेजारी मास्तरांच्या आवडीचं ठेवायचं म्हणून आत्याने गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवला, विशाखाने रुमाल सोडून अंगुस्तान ठेवलं.

मग सगळे कावळ्याची वाट बघत बसले. कावळा पिंडाला शिवला की समजायचं, गेलेल्या माणसाचं मागे काही राहिलं नाही. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय, आणि ते कुणीतरी बोलून दाखवल्याशिवाय तो माणूस हलत नाही.

कावळे होते. उडायला जागा नव्हती म्हणून ते चालत आले. पायऱ्यांवरून एकामागोमाग, रेशनच्या रांगेसारखे. सगळ्यांत पुढचा पिंडापासून हातभर अंतरावर थांबला. मान तिरकी करून त्याने भाताकडे पाहिलं, अंगुस्तानाकडे पाहिलं, आणि तिथेच उभा राहिला.

"बोला," गुरुजी म्हणाले. "कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. मला पुढे अजून दोन ठिकाणी जायचंय."

आत्या हात जोडून पुढे सरकली. "दिगू, दुकान विकणार नाही. मशीन पुसत जाईन रोज. झालं?"

कावळा हलला नाही.

"त्याचा फोटो दुकानात लावू म्हणावं," मागून कुणीतरी म्हणालं.

"लावलाय. तुला दिसला नाही, तू बसून आला नव्हतास."

घोंगडे नव्या घरून मुद्दाम आले होते. त्यांनी घसा खाकरला. "मास्तर, तुम्ही शिवलेल्या माझ्या सदऱ्याची डावी बाही अजून लांबच आहे. पण मी कुठे बोलणार नाही."

काही माणसं हसली, मग हसू आवरलं. कावळ्याने एक पाय उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"विशाखाचं लग्न करून देऊ," आत्या म्हणाली.

"आत्या, मी एक्केचाळीस वर्षांची आहे."

"म्हणून काय झालं, बोलायला काय जातंय? त्याला ऐकून बरं वाटेल."

कावळ्याला बरं वाटलं नाही. विमानाची सावली पायरीवर होती आणि ती हळूहळू लहान, काळी आणि रेखीव होत चालली होती. सावलीची कड पिंडाच्या भाताला लागली. माणसांनी माना आणखी आत घेतल्या. कुणी वर बघितलं नाही. नदीचं पाणी पंखाखाली दबून दोन्ही काठांनी वर चढायला लागलं होतं. आत्याच्या लुगड्याचा काठ भिजला. तिने तो न बघता वर ओढून घेतला.

"आता दर्भाचा करतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या. कावळा शिवतच नसेल तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि सगळे घरी जातात. "शास्त्राने चालतं ते. त्यात कमीपणा काही नाही."

ते सफाईने काड्या वळवू लागले. आधी चोच झाली, मग मान. विशाखा त्यांच्या बोटांकडे बघत होती. तो पुरा झाला की सगळं नीटच होणार होतं. बाबा घरातच राहतील, छताखाली, आणखी थोडे वाकून. संध्याकाळी शटर ओढताना कुणीतरी तिला प्रश्न विचारेल आणि ती हो म्हणेल. काच आतून बंदच राहील. आत्या सरपटू लागेल. दर्भाच्या कावळ्याला आता एक पंख आला होता.

"थांबा, गुरुजी."

"आता काय?"

"मला बोलायचंय."

"मग बोला की. मोठ्याने बोला, त्यांना ऐकू जाऊ दे."

विशाखाने मान वर केली. तिच्याबरोबर आत्यानेही केली, मग घोंगड्यांनी, मग पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्यांनीच, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावाने वर बघितलं. त्यांना काय दिसलं ते तिला कळलं नाही. तिला तळवा दिसला. तो आता इतका जवळ होता की टोच्यांभोवतीची कातडी दिसत होती. तो थरथरत होता. इतका वेळ हात वर धरून ठेवला की कुणाचाही थरथरतो. मधल्या बोटाशेजारची फट होती तशीच होती, आणि बाबांना ती दिसत नव्हती, कारण ती त्यांच्या बाजूने दिसण्यासारखी नव्हतीच.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी अंगुस्तान तुमच्या बोटातच राहिलं होतं."

कावळा एक पाऊल पुढे आला.

"बोटं मिटली नव्हती, बाबा. फट होती. तुमचा हात चुकला नाही, फक्त फट होती. ते टेकडीमागे नाही उतरलं. बाभळींपाशी पडलं. इनामदार पँट न्यायला यायचे नाहीत. मला तेव्हाच माहीत होतं, आणि रोज शटर ओढताना माहीत होतं."

वरची बोटं एकेक करून सैल होऊ लागली. आधी करंगळी. फट रुंद झाली आणि तिच्यातून घाटावर ऊन आलं, ऑक्टोबरातलं, शेंगदाण्याच्या टरफलांचा वास असलेलं. टेकडीच्या दिशेने, फार लांबून, काहीतरी निघालं होतं. आधी ते नदीच्या पाण्यावर दिसलं, मग दगडाच्या पायऱ्यांमधून गुडघ्यांना जाणवलं. पुरुषांनी टोप्या धरल्या. आत्याने दोन्ही हातांनी विशाखाचा दंड पकडला आणि काहीतरी विचारलं, पण ते ऐकू आलं नाही, कारण आवाज आता येऊ लागला होता. म्हणून विशाखाला पुन्हा सांगावं लागलं, त्याच्यावर, ओरडून.

"मी पाहिलं, बाबा. मी सगळं पाहिलं."